ड्रुपल: सभासदाच्या खात्यावर काही घडतं, पण आपलं मॉड्यूल हलत नाही (किंवा दोनदा हलतं)

फोन साधारण असा येतो: "ताई, काल नवीन सभासद झाला, पण त्याले स्वागताचा मेलच नाही गेला जी." महालातलं वाचनालय असो, सीताबर्डीवरची पतसंस्था असो, नाहीतर हिंगणा रोडवरचं कॉलेज. साइट ड्रुपलवर (वेबसाइट चालवणारं एक सॉफ्टवेअर) असली आणि कुणीतरी तिच्यासाठी छोटं मॉड्यूल लिहिलेलं असलं, की हा फोन कधी ना कधी येतोच. त्या मॉड्यूलचं काम ठरलेलं असतं. खातं उघडलं, कुणी आत आलं, माहिती बदलली किंवा खातं बंद झालं, की त्यावर पुढचं काहीतरी करायचं. ड्रुपलमध्ये हे हुकने होतं: हुक म्हणजे ठरलेल्या नावाचं फंक्शन, घटना घडली की ड्रुपल ते स्वतःच हाकारतं.

लक्षणं

- नवीन खातं तयार होतं, पण मेल, सभासद क्रमांक, भूमिका, जे काही मॉड्यूलने द्यायचं ते मिळत नाही.
- काही जणांच्या लॉगिनची नोंद होते, काहींची होतच नाही.
- एकाच माणसाला दोन मेल जातात.
- मंजुरी न मिळालेल्या अर्जदारालाही "तुमचं सभासदत्व सुरू झालं" असा मेल जातो.
- प्रोफाइल सेव्ह केलं की पान फिरत राहतं आणि शेवटी मेमरी संपल्याची एरर येते.
- पासवर्ड बरोबर टाकूनही माणूस परत लॉगिनच्याच पानावर येतो.
- खातं काढून टाकलं तरी मॉड्यूलच्या स्वतःच्या टेबलात त्याची नोंद राहते.

खाली जे लिहिलं आहे ते ड्रुपल 8 आणि पुढच्या आवृत्त्यांना धरून आहे. तुमची साइट अजून ड्रुपल 7 वर असेल तर बरीच कारणं तिथेही तीच आहेत, पण त्या आवृत्तीचा अधिकृत आधार 5 जानेवारी 2025 ला संपला. तिच्यावर नवीन कोड चढवत बसू नका. आणि ड्रुपल 6 च्या काळातला कोड कुठे मिळाला तर तो तसाच उचलू नका. तेव्हा सगळ्या घटनांसाठी एकच यूजर हुक होता आणि घटनेचं नाव त्याला आतून कळायचं. 7 पासून प्रत्येक घटनेचा हुक वेगळा झाला.

कोड उघडण्याआधी माझा आग्रह एकाच प्रश्नाचा असतो: नेमकी कोणती घटना घडली? "तो लॉगिन झाला" असं ऑफिसातला माणूस म्हणतो, तेव्हा ड्रुपलच्या लेखी लॉगिन झालेलं असेलच असं नाही. माझ्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारींत कोड ठीक होता, पण तो भलत्याच घटनेची वाट पाहत होता.

पहिली तपासणी: लॉग पाहा. खर्च शून्य.

ॲडमिनमधून रिपोर्ट्स, तिथून रीसेंट लॉग मेसेजेस. यादी दिसत नसेल तर डेटाबेस लॉगिंग हे मॉड्यूल बंद असेल, ते सुरू करा. त्या सभासदाच्या नावाने "सेशन ओपन्ड फॉर" अशी ओळ आहे का ते शोधा.

ही ओळ इतकी महत्त्वाची का? लॉगिन पक्कं करताना ड्रुपलचा क्रम ठरलेला आहे. आधी चालू वापरकर्ता ठरतो, मग ही ओळ लिहिली जाते, मग शेवटच्या लॉगिनची वेळ बदलते, सेशन (लॉगिन टिकवून ठेवणारी नोंद) नवं होतं आणि सगळ्यात शेवटी यूजर लॉगिन हुक हाकारला जातो. ओळ आहे, पण तुमचं काम झालं नाही, तर दोष मॉड्यूलकडे. ओळच नाही, तर लॉगिनची घटनाच घडलेली नाही आणि मॉड्यूलमध्ये शोधून काही सापडणार नाही. एका नजरेत अर्धं शोधकाम संपतं. मात्र हा लॉग मूळ सेटिंगमध्ये साधारण शेवटच्या 1000 नोंदीच ठेवतो. कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवसांत सकाळची नोंद संध्याकाळी सापडत नाही, तेव्हा तक्रार आली की लगेच पाहा.

ओळ नसण्याची कारणं मला पुन्हा पुन्हा दिसतात ती अशी.

एक, माणूस लॉगआउटच करत नाही. ड्रुपलची सेशन कुकी मूळ सेटिंगमध्ये 20,00,000 सेकंद टिकते, म्हणजे जवळपास 23 दिवस. वाचनालयाच्या काउंटरवरचा कॉम्प्युटर रोज वापरात असतो, त्यामुळे सर्व्हरवरचं सेशनही जिवंत राहतं. तिथला कर्मचारी रोज सकाळी "लॉगिन करून" बसतो असं सगळे म्हणतात, प्रत्यक्षात तो फक्त ब्राउझर उघडतो. रोजची हजेरी लॉगिन हुकवर मोजायला गेलात तर तो तीन-तीन आठवडे गैरहजर दिसेल.

दोन, उलट बाजू. लॉगआउट हुक फक्त लॉगआउटची लिंक वापरली तरच चालतो. ब्राउझर बंद केला, वीज गेली, सेशन मुदतीने संपलं, तर तो चालत नाही. "किती वेळ बसला" हा हिशेब या दोन हुकांवर कधीच उभा राहत नाही. कुणी मागितला तर आधीच तसं सांगा.

तीन, मोबाइल ॲप. पतसंस्थेचे पिग्मी एजंट ॲपमधून नोंदी पाठवतात आणि ॲप प्रत्येक विनंतीसोबत टोकन किंवा बेसिक ऑथचा पासवर्ड देतं. तिथे ओळख पटते, पण सेशन उघडत नाही, म्हणून लॉगिन हुकही नाही. ॲप जर ड्रुपलच्या लॉगिनच्या पत्त्यावर जेसॉनने नाव-पासवर्ड पाठवून सेशन घेत असेल, तर मात्र हुक चालतो. ॲप बनवणाऱ्याला हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चार, लॉगिन अडवलंच गेलं. एका खात्यावर 6 तासांत 5 चुकीचे प्रयत्न, किंवा एका आयपीवरून तासाभरात 50, झाले की ड्रुपल दार लावतं. कॉलेजच्या लॅबमधले सगळे कॉम्प्युटर बाहेर एकाच आयपीने दिसतात. नोंदणीच्या दिवशी मुलांनी घाईत पासवर्ड चुकवले की पूर्ण लॅब अडकते, आणि आरोप मात्र मॉड्यूलवर येतो.

दुसरी तपासणी: मेल कोणाचा?

मेलची तक्रार असेल तर कोडआधी कॉन्फिगरेशन, पीपल, अकाउंट सेटिंग्ज हे पान उघडा. ड्रुपल स्वतःच स्वागताचे तीन मेल जाणतं: ॲडमिनने खातं उघडलं तेव्हाचा, मंजुरीची वाट पाहणाऱ्याचा आणि मंजुरी न लागणाऱ्याचा. त्याशिवाय खातं सुरू झाल्याचा, रोखल्याचा, रद्द झाल्याचा. "दोन मेल येतात" या तक्रारीत एक मेल बहुतेक वेळा इथला असतो आणि दुसरा तुमच्या मॉड्यूलचा. दोन्हींचा मजकूर शेजारी ठेवून पाहा, लगेच कळतं.

मेल आलाच नाही तर लॉगमध्ये मेल पाठवताना झालेली एरर आहे का बघा. नसेल तर ड्रुपलने मेल सर्व्हरच्या हवाली केला आहे, आणि पुढे तो स्पॅममध्ये गेला की वाटेत पडला ते ड्रुपलला कळत नाही. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल सगळ्याच पाठवणाऱ्यांकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनवरून आला हे पटवणाऱ्या नोंदी) मागतं. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवरून थेट सुटणारे मेल इथेच अडतात. हे काम डोमेनच्या नोंदींचं आहे, त्यासाठी हुकला हात लावायची गरज नाही.

तिसरी तपासणी: कॅश रिकामी करा

ड्रश (ड्रुपल कमांड लाइनवरून चालवायचं साधन) असेल तर ड्रश सीआर, नसेल तर कॉन्फिगरेशनमधल्या परफॉर्मन्स पानावरचं बटण. कोणतं मॉड्यूल कोणता हुक राबवतं याची यादी ड्रुपल एकदा बनवून ठेवतं. आधीपासून असलेल्या फंक्शनच्या आत बदल केला तर तो दिसतो, पण नवीन हुकचं फंक्शन जोडलं तर यादी पुन्हा बनेपर्यंत ड्रुपलला त्याचा पत्ता नसतो. 11.1 पासून हुक क्लासमध्ये, वर ॲट्रिब्यूट लावून लिहिता येतात, आणि तिथेही नवीन हुक जोडला की कॅश बांधावीच लागते. फंक्शनच्या आतला साधा बदलसुद्धा दिसत नसेल तर पीएचपीच्या ओपीकॅशचा (तयार कोडची साठवलेली प्रत) संशय घ्या. काही सर्व्हरवर फाइल बदलली की नाही हे तपासणंच बंद ठेवलेलं असतं, तिथे पीएचपी पुन्हा सुरू करावं लागतं.

चौथी: नाव आणि जागा

फंक्शनचं नाव मॉड्यूलच्या मशीन नावाने सुरू होतं, मग अंडरस्कोर, मग हुकचं नाव. मॉड्यूलचं मशीन नाव "सभासद" आणि फंक्शन "सदस्य" ने सुरू, अशी गफलत मॉड्यूलचं नाव मध्येच बदललं की होते. एरर येत नाही, ड्रुपल ते फंक्शन फक्त कधी हाकारत नाही. फाइल मॉड्यूलची मुख्य फाइलच आहे ना, मॉड्यूल चालू आहे ना, आणि तुम्ही बदल केला तो सर्व्हर चाचणीचा की खरा, एवढं पाहून घ्या.

खात्री करायला फंक्शनच्या अगदी पहिल्या ओळीत लॉगला एक नोंद लिहा. स्क्रीनवर काही छापू नका, लॉगिननंतर पान लगेच वळतं आणि छापलेलं हरवतं. नोंदीत फक्त वापरकर्त्याचा आयडी लिहा. ईमेल, फोन, पासवर्ड तर मुळीच नाही. तो लॉग ऑफिसातले अनेक जण पाहतात आणि सभासदांनी आपली माहिती त्यासाठी दिलेली नसते.

पाचवी: हुक योग्य घटनेचा आहे का?

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. मॉड्यूल धावतं, लॉगमध्ये नोंद येते, तरी परिणाम चुकतो, तेव्हा कारण जवळजवळ नेहमी इथेच असतं.

इन्सर्ट म्हणजे खातं तयार झालं. मंजुरी मिळाली असा त्याचा अर्थ नाही. साइटवर ॲडमिनची मंजुरी लागत असेल तर अर्ज भरताच इन्सर्ट चालतो, तेव्हा खातं रोखलेल्या अवस्थेत असतं. मंजुरी दिली जाते तेव्हा चालतो तो अपडेट. म्हणून "सभासदत्व सुरू झालं" हा मेल अपडेटमध्ये हवा, आणि तिथे जुनी अवस्था व नवी अवस्था ताडून बघायला हवी: आधी रोखलेलं होतं आणि आता सुरू आहे, तरच पाठवा. ही तुलना विसरली तर सभासदाने पुढे फोन नंबर बदलला तरी त्याला स्वागताचा मेल जाईल.

प्रीसेव्ह हा डेटाबेसमध्ये लिहिण्याच्या आधीचा क्षण. खात्याच्याच फील्डमध्ये काही भरायचं असेल तर ते इथे भरा. नवीन खात्याला या क्षणी आयडी नसतो, म्हणून आयडीवर बेतलेला सभासद क्रमांक इथे रिकामा येतो.

मग काही जण तो क्रमांक अपडेटमध्ये भरतात आणि खातं पुन्हा सेव्ह करतात. सेव्हने अपडेट, अपडेटने सेव्ह, हे रहाट थांबतच नाही, आणि पान फिरत राहून मेमरी संपते ती यामुळे. इन्सर्टमध्ये सेव्ह केलं तर रहाट फिरत नाही, पण लगेच अपडेटही चालतो, आणि दोन्हींकडे मेल लिहिला असेल तर माणसाला दोन मेल जातात. आयडीवर अवलंबून असलेली गोष्ट मॉड्यूलच्या स्वतःच्या टेबलात लिहा, खातं पुन्हा सेव्ह करू नका.

इन्सर्टबद्दल आणखी एक, कारण यातून झालेला गोंधळ निस्तरणं अवघड जातं. इन्सर्ट चालतो तेव्हा डेटाबेसचा व्यवहार अजून पूर्ण झालेला नसतो. तुमचा मेल सुटला आणि पुढच्या क्षणी दुसऱ्या एखाद्या मॉड्यूलने एरर फेकली, तर सगळा व्यवहार मागे घेतला जातो. खातं नाही, पण मेल गेलेला. सभासद मेल दाखवतो आणि ऑफिसला यादीत त्याचं नाव सापडत नाही. उपाय असा: इन्सर्टमध्ये मेल पाठवायचा नाही, बाहेरच्या कुठल्या सेवेलाही हाक मारायची नाही, फक्त ड्रुपलच्या रांगेत एक काम टाकायचं. ही रांग मूळ सेटिंगमध्ये त्याच डेटाबेसात असते, त्यामुळे व्यवहार मागे गेला तर कामही मागे जातं. पुढे क्रॉन (ठरावीक अंतराने कामं चालवणारी यंत्रणा) ते काम उचलतो. ड्रुपलचा आपोआप क्रॉन मूळ सेटिंगमध्ये 3 तासांनी, आणि तोही कुणी साइटवर आलं तरच धावतो. रात्री साइट ओस असते, म्हणून सर्व्हरच्या क्रॉनमध्ये दर दहा-पंधरा मिनिटांची नोंद करून घ्या, नाहीतर "मेल उशिरा येतो" ही नवी तक्रार सुरू होईल.

"पहिल्यांदाच लॉगिन झाला का" हे लॉगिन हुकमध्ये शेवटच्या लॉगिनच्या वेळेवरून ओळखता येत नाही. वर क्रम सांगितला त्याप्रमाणे ती वेळ हुकच्या आधीच बदललेली असते, त्यामुळे उत्तर नेहमी "आत्ताच" येतं. यूजर डेटा सेवेत मॉड्यूलची स्वतःची खूण ठेवा: खूण नसेल तर पहिली वेळ, काम करा, खूण लिहा.

खातं बंद होण्याचंही असंच. रोखणं, रोखून मजकूर अप्रकाशित करणं, मजकूर अनामिकाच्या नावे करणं, आणि खातं मजकुरासकट काढणं, अशा चार पद्धती मुळात आहेत. पहिल्या तिन्हींना कॅन्सल हुक चालतो. चौथीला तो चालत नाही, तिथे प्रीडिलीट आणि डिलीट चालतात. टेबलात नोंद उरते ती बहुतेक यामुळे. सभासदाने आपली माहिती काढून टाका म्हटलं आणि ती मागच्या टेबलात पडून राहिली, हे मला अजिबात चालत नाही. कॅन्सल आणि डिलीट, दोन्ही हुक लिहा.

सहावी: लॉगिन हुकमधून पान वळवलंय का?

लॉगिन होताच सभासदाला डॅशबोर्डवर न्यायचं, म्हणून हुकमध्येच रीडायरेक्ट पाठवून तिथेच कोड संपवलेला असतो. याने बाकीच्या मॉड्यूलचे लॉगिन हुक चालायचे राहतात, सेशन नीट साठवलं न गेल्यामुळे माणूस पुन्हा लॉगिनच्या पानावर येऊ शकतो, आणि पासवर्ड विसरलेल्याचे तर फार हाल होतात. एकवेळच्या लिंकने आत येतानाही हाच हुक चालतो. तो नवीन पासवर्ड टाकायच्या पानाऐवजी डॅशबोर्डवर पोचतो आणि दुसऱ्या दिवशी परत तीच लिंक मागतो. लॉगिनच्या फॉर्मला स्वतःचा सबमिट हँडलर जोडा आणि पान तिथून वळवा.

सातवी: कुणी मागच्या दाराने लिहिलंय का?

जुन्या रजिस्टरातले सभासद एक्सेलमधून पीएचपीमायॲडमिनने थेट टेबलात घातले असतील तर एकही हुक चालत नाही. ड्रुपलला ते कळलेलंच नसतं. उलट, मायग्रेट (ड्रुपलचं माहिती आयात करायचं मॉड्यूल) किंवा ड्रशने खाती उघडली तर प्रत्येक ओळीला इन्सर्ट चालतो, आणि वीस वर्षं जुन्या सभासदांना एका दुपारी स्वागताचे मेल जातात. मोठी आयात करण्याआधी मॉड्यूलमध्ये मेल बंद ठेवायची सेटिंग असायलाच हवी.

मॉड्यूलचा क्रमही इथेच पाहून घ्या. वजन (क्रम ठरवणारा आकडा) सारखं असेल तर हुक मॉड्यूलच्या नावाच्या अक्षरक्रमाने चालतात. तुमच्या मॉड्यूलला दुसऱ्याने दिलेली भूमिका लागत असेल तर तुमचं वजन वाढवा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

बॅकअप नसेल तर पाचव्या तपासणीच्या पुढे जाऊ नका. वापरकर्त्यांच्या टेबलात हाताने आयडी बदलायची वेळ आली, किंवा आयडी 0 ची अनामिक नोंद गायब दिसली, तर तिथेच हात थांबवा. लॉगिन बाहेरच्या ओळख सेवेवरून येत असेल, खात्याच्या घटनेवरून ठेवीच्या किंवा कर्जाच्या वहीत नोंद पडत असेल, कोअरच्या, म्हणजे ड्रुपलच्या मूळ, फाइली कुणी बदललेल्या आढळल्या, तर हे काम मॉड्यूल लिहिणाऱ्या आणि ती यंत्रणा ओळखणाऱ्या माणसाचं आहे. पैशाच्या नोंदीवर अंदाजाने प्रयोग करायचा नसतो.

यादीत कुणीच न उघडलेलं ॲडमिन खातं दिसलं तर तो बिघाड समजू नका, घुसखोरी समजा. लॉग पुसू नका, ते खातं काढू नका, फक्त रोखा, आणि सर्व्हरची प्रत घेऊन ठेवा. सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची असते, त्यामुळे संस्थेच्या सचिवांना त्याच मिनिटाला सांगा. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

जाणकाराला बोलावताना त्याच्या हाती हे द्या: ड्रुपल आणि पीएचपीची आवृत्ती, चालू मॉड्यूलची यादी, तक्रार असलेल्या एका खात्याचा आयडी, घटना घडल्याची नेमकी वेळ, त्या वेळेच्या आसपासचा लॉग, आणि वरच्यापैकी काय काय करून झालं ते. मुख्य ॲडमिनचा पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवू नका. त्याच्यासाठी वेगळं खातं उघडा, लागेल तेवढीच भूमिका द्या आणि काम झालं की ते खातं रोखा.